निघोजेच्या बसमधली बाई

तिचं नाव मला आजही माहीत नाही. निघोजेहून सुटलेल्या बसमध्ये ती कंपनीच्या निळ्या गणवेशात माझ्या पुढच्या सीटवर बसली होती. माझ्या शेजारचे आजोबा फोनवर घाबऱ्या आवाजात बोलत होते, "व्हय साहेब, मघाशी पैसे पाठवले तेवढेच व्हते."

ती गर्रकन वळली. "बाबा, कोण साहेब?"

"पोलीस हायेत. मला अटक करनार म्हनत्यात."

"फोनवर कुणी अटक करतं का? ठेवा आधी!"

तिनं लगेच सायबर हेल्पलाइन लावली आणि आजोबांच्या मेसेजमधला व्यवहाराचा नंबर एकेक आकडा ठासून वाचून दाखवला. बोलताना तिचा पाय सारखा हलत होता. अख्खी बस कान देऊन ऐकत होती.

आजोबा पुटपुटले, "पोरी, येडा ठरलो गं मी."

"माझे वडील लाजेनं आठ दिवस गप्प बसले, तोवर सगळं गेलं. तुम्ही वेळेत बोललात, बाबा!"

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकलेली असतानाच आजोबांना बँकेचा फोन आला. पैसे त्या भामट्याच्या खात्यातच अडवले होते! बसमध्ये एकच गलका झाला. आजोबा हसत-रडत होते.

तिचा स्टॉप केव्हाच मागे गेला होता. "आज अर्धा दिवस कापणार," असं हसत म्हणत ती उतरली आणि कंपनीच्या दिशेनं पळत सुटली. मी खिडकीतून वाकून तिला जोरजोरात हात हलवत राहिलो.