कवळीकाकांनी कौल दिला नाही

कवळीकाकांना गाडीच्या कंपनीने विकत घेतलं, अशी आवई एके काळी आमच्याकडे उठली होती. आवईला पाय फुटायला वेळ लागत नाही. सकाळी पाकीट मिळालं होतं, दुपारपर्यंत पाकिटाची नवी कोरी मोटारसायकल झाली आणि संध्याकाळी तिचा रंगही ठरला. "ज्याने निम्म्या गावाच्या तोंडात दात बसवले, त्याच्याच तोंडाला कुलूप," असं आमच्यातला वकील म्हणाला आणि आधी स्वतःच हसला. आपल्या विनोदावर दुसरा हसेपर्यंत थांबण्याइतका धीर त्याला कधी धरवला नाही.

काका खरोखरच कवळ्या बनवायचे. डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवायचे आणि काका घरामागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात रोवायचे. गावात कोणाचं हसू स्वतःचं आणि कोणाचं काकांच्या हातचं, हे त्यांना ठाऊक होतं. मी किती खोदून विचारलं, पण हा गडी कधी बधला नाही. माझ्यासारख्याला अशा मित्राचा उपयोग काय, सांगा.

मोटारसायकलचा विषय निघाला की मात्र हाच मुखदुर्बळ माणूस वक्ता व्हायचा. त्यांची लाडकी गाडी म्हणजे ज्यांना पळायचंही असतं आणि लांबही जायचं असतं, अशा दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यांची. मोठं इंजिन, पुढे वारा अडवणारी काच, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. कितीतरी वर्षं तिचं नाव तेच होतं. कंपनी अधूनमधून तिला नवं रूप द्यायची, आणि तसं झालं की आमच्या पेट्रोलपंपाशेजारच्या चहाच्या टपरीवर दुसरं काही बोललं जायचं नाही.

टपरीवर जमणाऱ्या या मंडळींचा एक रिवाज होता. नव्या रूपातली गाडी शोरूममध्ये आली की पहिली फेरी काकांची. टपरीपासून धरणापर्यंत जायचं, परत यायचं, हेल्मेट उलटं करून टेबलावर ठेवायचं आणि कौल द्यायचा. तो येईपर्यंत बाकीच्यांनी गाडीला हात लावायचा नाही. मागच्या खेपेला काका म्हणाले होते, "ब्रेक देवमाणूस, सीट सासू." त्यानंतर गाडी घेणारा प्रत्येक जण शोरूममधून थेट सीट शिवणाऱ्याकडे गेला होता.

यंदाच्या गाडीने तर यायच्या आधीच भांडणं लावली. वकिलाला ती फोटोतच आवडली होती. बटण दाबलं की काच वर-खाली होते, क्लच न दाबता गियर पडतो, समोर टीव्हीएवढा पडदा. रंगारी म्हणायचा, तुला टीव्हीच बघायचा तर घरी बस की, बायको सोबत बसेल. भिंती रंगवायच्या नसतील तेव्हा रंगारी रस्त्यावरच असायचा, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. त्याचं म्हणणं, वजन वाढलंय, जुन्या पेट्या बसत नाहीत, इंजिन तेच. पिवळ्या दातांना पॉलिश मारलंय नुसतं. वकिलाने बुकिंग करून ठेवलं होतं, पण तेही काकांच्या कौलावर अडकलेलं.

रविवारी सकाळी शोरूमचा मॅनेजर स्वतः गाडी घेऊन आला. काका त्या दिवशी चालत आले होते. हातमोजे घातले, पेटीवरून बोट फिरवलं आणि निघाले. एरवी दुसऱ्या चहापर्यंत परतणारे काका चौथ्या चहालाही आले नाहीत. वकील म्हणाला, गाडी आवडलीय, सोडवत नाहीये. अखेर सरळ रस्त्यावर गाडी दिसली, अगदी सावकाश, वरातीच्या चालीने. टपरीजवळ येता येता काकांनी मॅनेजरला हाक मारली, "धर." तो धावत गेला, त्याने हँडल धरलं आणि काका उतरले. आम्हाला वाटलं, काय हा मान.

काकांनी हेल्मेट टेबलावर ठेवलंच नाही. मांडीवर घेऊन बसले. रंगाऱ्याने विचारलं, "बोला काका, देवमाणूस का सासू?" काका म्हणाले, "बघू." मग चहा अर्धा टाकून घरी गेले.

बघू म्हणजे काय? यावर आठवडाभर खल झाला. गाडी चांगली असती तर काका चांगली म्हणाले असते, वाईट असती तर कोणाच्या बापाला घाबरले नसते. म्हणजे वाईट आहे आणि बोलू नको असं सांगितलंय. रंगाऱ्याचं हे गणित सगळ्यांना पटलं. वकिलाने बुकिंग रद्द केलं. मॅनेजर शपथेवर सांगत होता की मी काकांना चहासुद्धा पाजलेला नाही. पण तो गाडीच्या मायलेजचीही शपथ घ्यायचा, तेव्हा त्याच्या शपथेला भाव किती?

बिचारा रोज काकांच्या दारात उभा राहायचा. वाईट म्हणा, पण काहीतरी म्हणा. काका त्याला पाणी द्यायचे आणि साचे घासत बसायचे.

शेवटी मी गेलो. दारातच वहिनींनी अडवलं. "भावजी, चहा घ्या, गप्पा मारा. पण त्यांना त्या गाडीवर बोलायला लावू नका." त्या कधी असं हात जोडल्यासारखं बोलायच्या नाहीत. मी मान डोलावली आणि आत गेल्याबरोबर नेमकं तेच केलं.

काका पॉलिशच्या मशीनवर बसले होते. ते मशीन पायाने पट्टी दाबून चालवायचं. इतकी वर्षं ती पट्टी डाव्या पायाखाली असायची. आता ती उजवीकडे सरकवली होती, आणि डावा पाय स्टुलाला टेकून दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा पडून होता.

"कवळ्या, लोक म्हणतायत तू विकला गेलास."

"म्हणू देत."

"अरे, खोटं आहे ना ते? मग एक शब्द बोल."

त्यांनी मशीन थांबवलं. हातातली कवळी फुंकर मारून साफ केली. "विकला गेलो म्हणतात ना? म्हणजे मी गाडी चालवली, असं तरी धरून चालतात. तेवढं राहू दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गप्प बसशील?"

ज्याच्या पोटात तीळ भिजत नाही, त्याला हे विचारणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. पण मी हो म्हणालो, आणि काकांनी मला सगळं सांगितलं.

त्यानंतर रविवार आले की मी टपरीवर बसायचो आणि ऐकायचो. मंडळींनी स्वतःच गाडी चालवायला सुरुवात केली होती. मतांना ऊत आला. काच उंच केली की कानात वारा घुमतो, गर्दीत गुडघे भाजतात, पण मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखी पळते. वकिलाने परत बुकिंग केलं. काकाही चालत यायचे, बाकाच्या टोकाला बसायचे. त्यांना कोणी काही विचारायचं नाही. एकदा रंगाऱ्याने मॅनेजरला मोठ्याने विचारलं, पुढचं मॉडेल कधी येतंय, आमच्यातल्या कोणाकोणाला फुकटात हवंय म्हणे. सगळे हसले. काकाही हसले. मी आणखी एक चहा सांगितला. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती, आणि त्या एका वाक्याने काकांचं उरलंसुरलं तेवढं गेलं असतं.

पुढे त्यांच्या हातात काठी आली, जुनी गाडी विकली गेली. लपवायचं काही उरलं नाही, म्हणून आता सांगतो.

कंपनीने काकांना काहीही दिलं नव्हतं. त्यांचा डावा पाय लुळा पडत चालला होता. पहिल्याच वळणावर थांबताना त्या पायाला गाडी पेलली नाही आणि गाडी कडेच्या गवतात आडवी झाली. त्यांना ती उचलता आली नाही. बऱ्याच वेळाने दूधगाडीच्या दोघांनी ती उभी केली. धरणापर्यंत काका गेलेच नव्हते. फक्त टपरीवरून दिसतो तेवढा सरळ रस्ता त्यांनी ती चालवली.