आतून कळणाऱ्यांचा प्रकार

“दरड कोसळणार हे गाढवालाही आधी कळतं,” सर म्हणाले. सगळा वर्ग हसला.

गाढव म्हणजे मी.

गेल्या वर्षीची, दुष्काळातली गोष्ट. नगरच्या कॉलेजात मी मानसशास्त्राला होते. आमच्या वस्तीतली एकटीच. सर माणसांचे प्रकार शिकवत होते. काहींना म्हणे डोळ्यांना दिसतं तेवढंच पटतं, ते संवेदनप्रधान. काही आपल्यातच असतात आणि त्यांना पुढचं आतून उमगतं, कसं ते सांगता येत नाही. हे अंतर्मुख, अंतःप्रज्ञ. ऐकलं आणि अंगावर काटा आला. ही तर मीच! जन्मभर लोक मला घुमी म्हणाले, येडी म्हणाले. पहिल्यांदाच बरं नाव मिळालं होतं.

आपला प्रकार प्रयोगवहीत कारणासकट लिहायचा होता. वहीवर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही.

मी दुष्काळी कामावरचं लिहिलं. सुट्टीत आईबरोबर पाथर्डीकडे मुरूम खणत होते. दरडीकडे बघता बघता वाटलं, ही कोसळणार. मुकादमाला म्हणाले, “बायांस्नी हितनं उठवा.”

“गप खन. कालिजात जाती म्हून लई कळतं व्हय?”

मी आईला दंडाला धरून ओढलं. तिच्यामागे चौघी उठल्या. पाचवी, गयाबाई, हजेरी कापतील म्हणून बसून राहिली. दरड कोसळली. आम्ही तिला हातांनी उकरून काढलं. मेलेली.

हे सरांनी वर्गापुढे वाचलं आणि गाढवाचं बोलले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, “अंतःप्रज्ञा पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिंतनातून येते, बाई. तुझी ती नुसती भीती. आणि तुम्ही लोक गप्प असता ते सवयीनं.”

सरांनी लाल शाईने उभी रेघ मारून पान कापलं. वर लिहिलं, ‘संवेदनप्रधान. अंगमेहनतीस योग्य.’ हेच स्वच्छ अक्षरात उतरवून आण, मग सही देतो, म्हणाले. पुढच्या बाकावरच्या मुलीनेही माझाच प्रकार लिहिला होता. कारण काय, तर तिला पहाटे स्वप्नं पडतात. तिला सही मिळाली, वर शाबासकी.

आणि मी? रविवारी घरी जाऊन सरांचं वाक्य उतरवायला बसले. अर्धी ओळ लिहिलीसुद्धा. थू माझ्यावर.

आई म्हणाली, “काय ल्हितीस?” सगळं सांगितलं. तिला अक्षर येत नाही. लाल रेघेवरून बोट फिरवत तिने विचारलं, “मंग गयाचं बी खोडलं का त्यानं?”

माझा हात तिथेच थांबला.

सोमवारी तेच कापलेलं पान सरांपुढे ठेवलं. मी म्हणाले, “माझा प्रकार हाच आहे.”

“सही मिळणार नाही.”

“मग राहू द्या.”

माझं वर्ष बुडालं. आईने आठ दिवस तोंड फिरवलं. पुन्हा कामावर गेले, फीपुरते पैसे साठवले, पुन्हा त्याच वर्गात नाव घातलं. आता पुढच्या बाकावर बसते. बोलत नाही. सर शिकवतात आणि मी त्यांच्याकडे बघत राहते. त्यांचा खडू मोडतो.

मार्चमध्ये तेच पान पुढे ठेवणार. नाही दिली सही, तर पुढच्या मार्चमध्ये. मला नाकारायचं असेल तर दर वर्षी माझ्या डोळ्यांत बघून नाकारावं लागेल. नवं पान मी लिहिणार नाही.