अंधेरीचा स्क्रीन, दहिसरपुढचं मैदान आणि पप्पांची गाडी

पप्पांची गाडी विकायला निघाली, म्हणून ही सहल घडली. एरवी भांडुपहून दहिसरच्या जरा पुढे जाऊन येण्याला कोणी सहल म्हणत नाही. पण दोन दिवसांत आम्ही इतकं खाल्लं, इतके भांडलो आणि इतके हसलो की हिला दुसरं नाव सुचत नाही.

आधी गाडीविषयी. लाल हॅचबॅक, बारा वर्षांची. पप्पा टेलिफोन खात्यात होते, निवृत्तीच्या आधी त्यांनी ती हौसेने घेतली. दर गणपतीला आम्ही तिच्यातूनच कुडाळजवळच्या गावी जायचो, पप्पा स्टिअरिंगवर आणि आई शेजारी खाऊचे डबे घेऊन. गेल्या वर्षी पप्पांना काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, बाजूचं जवळजवळ नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं आणि पप्पांनी अजिबात वाद घातला नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण पप्पा रिक्षाच्या मीटरवरूनसुद्धा वाद घालणारे. मग त्यांनी खाली उतरणंच कमी केलं. दिवसभर गॅलरीत बसून राहायचे. एके दिवशी गावच्या बाबलने गाडी घेतो म्हणून फोन केला, आणि पप्पा म्हणाले, सोमवारी सांगतो.

आता माझ्याविषयी. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण गेली दहा वर्षं ते पाकिटात नुसतं बसून आहे. मी एका विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चेपलेल्या बंपरचे आणि फुटलेल्या काचांचे फोटो पाहणाऱ्या माणसाला मुंबईच्या रस्त्यावर उतरायची हौस कुठून राहणार? माझी सगळी हौस दर शनिवारी अंधेरीला भागते, रेसिंग सिम्युलेटरवर. मोठा स्क्रीन, खरं वाटावं असं स्टिअरिंग, पायाशी दणकट पेडल. तिथे मी कोणीतरी आहे. भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यात वेगवान दहा जणांत माझं नाव आहे, आणि माझ्या खालच्या पोरांना ते अजून पचलेलं नाही.

तर शुक्रवारी जेवताना मी बोलून गेले, गाडी विकू नका, मी चालवीन. आई हसली. पप्पांनी माशाचा काटा बाजूला काढला आणि गंभीरपणे विचारलं, "पडद्यावरचा जेवाण बघून पोट भरता काय गो?"

मला राग आला. बरोबर बोलले म्हणून जास्तच आला. रविवारी दहिसर नाक्यापुढे एका ड्रायव्हिंग शाळेचा प्रशिक्षणाचा दिवस आहे, हे मला आमच्या सिम्युलेटरच्या ग्रुपवरून माहीत होतं. आपली गाडी न्यायची, हेल्मेट ते देतात, दिवसाचे साडेचार हजार. मी तिथल्या तिथे पैसे भरले आणि पप्पांना सांगितलं की दोन्ही दिवस तुम्ही माझ्याबरोबर यायचं. शनिवारी पडद्यावरचं बघा, रविवारी खरं बघा, मग सोमवारी बाबलला काय सांगायचं ते सांगा.

शनिवारी रिक्षाने घाटकोपर आणि तिथून मेट्रो. कोणाला जायचं असेल तर मेट्रोनेच जा, अंधेरी पूर्वेला पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. पप्पा खिडकीला डोळा लावून मरोळपर्यंत खालचं ट्रॅफिक मजेत बघत होते. सेंटर एका ऑफिस इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. अर्ध्या तासाचे पाचशे रुपये, एसी इतका की स्वेटर न्यावा, आणि खाली उतरलं की कोपऱ्यावर बरा डोसा मिळतो.

माझ्या फेऱ्या पप्पांनी मागे उभं राहून बघितल्या. मग मी त्यांनाच सीटवर बसवलं. ते नाही नाही म्हणाले, पण हात आधीच स्टिअरिंगवर गेले होते. कित्येक महिन्यांनी त्यांच्या हातात चाक आलं होतं. पहिल्याच वळणावर भिंत, दुसऱ्याला गवत. तिसऱ्या फेरीत मात्र गाडी रस्त्यावर राहायला लागली आणि पप्पा गालातल्या गालात हसायला लागले. उतरताना म्हणाले की हे बरं आहे, यात कोणालाच बाजूचं दिसत नाही. मला वाटलं, गंमत करतायत. डोसा खाताना मात्र त्यांनी ताटातला मेदूवडासुद्धा अंगठे आणि बोटांनी स्टिअरिंगसारखा धरला, तेव्हा मी इतकी हसले की चटणी नाकात गेली.

रविवारी उजाडायच्या आत निघालो. आईने घावणे आणि चटणी डब्यात भरून दिली आणि गणपतीला नमस्कार करायला लावला, माझ्याकडून दोनदा. एलबीएस रोड रिकामा होता, तरी माझे तळवे घामाने ओले. गांधीनगरचा सिग्नल लाल झाला आणि मी सवयीने ब्रेक दाबला. सिम्युलेटरचा ब्रेक असा कडक असतो की मांडीचा जोर लावावा लागतो. खऱ्या गाडीचा ब्रेक बोटाने दाबावा इतका हलका. लाल हॅचबॅक जागच्या जागी थांबली, पप्पा पट्ट्यात लटकले, घावण्यांचा डबा पुढे पायाशी जाऊन पडला.

"ब्रेक मारतंस की माका बाहेर फेकतंस?" पप्पांनी विचारलं.

पुढचा रस्ता मात्र झकास. पवई, जोगेश्वरी, मग डोक्यावर मेट्रो घेऊन उत्तरेकडे जाणारा हायवे. रविवारी सकाळी लवकर गेलात तर गोरेगाव ते बोरिवली हा रस्ता तुमच्या मालकीचा असतो. मी डाव्या बाजूने चाळीसच्या वेगाने चालले होते आणि दुधाचे टेम्पोसुद्धा मला मागे टाकत होते. ज्या बाईचं नाव अंधेरीच्या फळ्यावर आहे, ती हीच. बोरिवलीला नॅशनल पार्कच्या अलीकडे उपमा आणि कटिंग घेतला, हातपाय जरा सैल झाले. दहिसर नाक्यावर आता छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे पाकीट शोधण्याची धांदलही वाचली.

मैदान हायवेपासून थोडं आत आहे. बंद गोदामांचं मोठं डांबरी आवार, चारी बाजूंनी गवत, मध्ये नारिंगी कोन मांडून आखलेला रस्ता. तेराएक गाड्या आल्या होत्या. शिकवणारे नीलेश सर मुलुंडचे, आवाज खणखणीत, एका वाक्यात तीनदा "ना" म्हणणारे. मी सिम्युलेटरवाली हे कळताच त्यांनी कपाळाला हात लावला नाही, उलट खूश झाले. म्हणाले, तुम्हा लोकांना अर्धं आधीच येत असतं, उरलेल्या अर्ध्याची वाट लागलेली असते.

आणि ते अर्धं खरंच आलं. वळणाआधी ब्रेक कुठे लावायचा, तो एकदम न सोडता हळूहळू कसा सोडायचा, वळणात आधी बाहेरून जाऊन आत कधी यायचं, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायची घाई का करायची नाही, हे सगळं माझ्या अंगात होतं. घाट चढून मुरलेल्या लोकांना सर तेच पुन्हापुन्हा समजावत होते आणि माझ्या वेळी नुसते मान डोलावत होते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सिम्युलेटरला व्हिडिओ गेम म्हणून नाक मुरडणारे खूप भेटतात. चार वर्षांचे शनिवार फुकट गेलेले नाहीत.

न येणारं अर्धं मात्र अंगावर आलं. अक्षरशः अंगावर. वळणात शरीर एका बाजूला ओढलं जातं, गुडघा दाराला टेकवून धरावा लागतो, पोटातला उपमा आपलं मत सांगतो. सिम्युलेटरवर मी डाव्या पायाने ब्रेक मारते. इथे डावा पाय क्लच शोधायचा आणि भलत्याच वेळी दोन्ही पाय एकाच कामाला जायचे. शिवाय तिथे गाडी ठोकली की एक बटण दाबून पुन्हा सुरुवात. इथे ती पप्पांची गाडी होती. प्रत्येक कोन माझ्या डोळ्यांना खांबाएवढा दिसत होता.

सगळ्यात मोठी पंचाईत शेवटच्या लांब वळणात झाली. दर वेळी गाडी बाहेर सरकायची आणि शेवटचे दोन कोन आडवे व्हायचे. सर म्हणाले, "मॅडम, जिथे जायचंय तिथे बघा ना. मान वळवा." मी सांगितलं, वळवतेय. ते म्हणाले, नाही वळवत. मी पुन्हा गेले, पुन्हा कोन आडवे. पुन्हा गेले, आता तीन. दुपारी सर्वांच्या वेळ लावून फेऱ्या होणार होत्या आणि माझं रडू फुटायच्या बेतात होतं. वेळेचं मला काही नव्हतं. पप्पा तंबूच्या सावलीत बसून सगळं बघत होते, आणि सोमवार दुसऱ्या दिवसावर होता.

सरावाच्या फेरीत शेजारी एक माणूस बसलेला चालतो, फक्त हेल्मेट हवं. पप्पा उठून आले. त्यांना हेल्मेट घालताना सरांची आणि माझी दमछाक झाली, कारण चष्मा आधी की हेल्मेट आधी यावर त्यांचं ठाम आणि चुकीचं मत होतं. शेवटी शेजारी बसले, पट्टा लावला, आणि मी निघणार तेवढ्यात त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला.

"तुझ्या त्या पडद्यावर बाजूचं काय दिसत नाय," ते म्हणाले. "माका पण नाय दिसत. म्हणून मी मान वळवतंय. तू पण वळव."

चार वर्षं मी सपाट पडद्यासमोर नाकासमोर बघत बसले होते. वळण आलं की पडदाच वळतो, माझी मान कधी हललीच नव्हती. पप्पा गेलं वर्षभर जिना उतरताना, रस्ता ओलांडताना, ताटात लोणचं शोधताना मान वळवून जगत होते. ते मला रोज दिसत होतं आणि मला फक्त त्यांची कीव येत होती. त्याची मला तिथे, त्या उन्हात, लाज वाटली.

फेरी सुरू झाली. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी पप्पा नुसतं "मान" म्हणायचे. ओरडणं नाही, सूचना नाही. लांब वळण आलं. "मान." मी हनुवटी खांद्याकडे नेली, बाजूच्या काचेतून शेवटचा कोन दिसला, आणि हात आपोआप तिकडे गेले. गाडी त्या कोनाला वळसा घालून अशी सरळ बाहेर पडली की मी हेल्मेटच्या आत जोरात हसले. पप्पांनी डॅशबोर्डवर थाप मारली. आणखी दोनदा गेलो. एकही कोन पडला नाही.

दुपारच्या फेऱ्यांत मी बरोबर मधोमध आले. फळ्यावरच्या बाईला हे कमी वाटायला हवं होतं, पण मी सगळ्यांना पेढे वाटावेत इतकी खूश होते. सर म्हणाले, सिम्युलेटर सोडू नका, फक्त तिथेही मान वळवत जा, लोक हसले तर हसू देत.

परत येताना काशिमिऱ्याला एका मालवणी खानावळीत कोंबडी-वडे खाल्ले. दोघांचे मिळून सातशेच्या आसपास, सोलकढी हवी तेवढी. इथलं वाढपी मंडळ गावाकडचं निघालं, त्यामुळे पप्पांनी अख्खी सकाळ त्यांना सांगून टाकली. त्यात मी आडवे केलेले कोन बरेच वाढले होते. मी सुधारायला गेले नाही.

हायवे संध्याकाळी भरला होता. गोरेगावपर्यंत पप्पांचं रिक्षा बघ, बस बघ, डावीकडे घे असं चालू होतं. त्यानंतर आवाज बंद झाला. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मान वळवून बघितलं तर पप्पा झोपले होते. चष्मा नाकावर घसरलेला, हात पोटावर. मी पवईच्या चढावर क्लच इतका अलगद सोडला की सरांनी बघितलं असतं तर पुन्हा मान डोलावली असती.

दोन दिवसांतून काय राहिलं, ते विचाराल तर एवढंच सांगेन. सिम्युलेटरने मला विचार करायला शिकवलं होतं, पण घाबरायला आणि घाबरून पुढे जायला नाही. ते मैदानावरच शिकावं लागतं, आणि शेजारी कोणीतरी आपलं असेल तर लवकर येतं. चार-पाच हजार बाजूला पडत असतील तर जरूर जा. आईला किंवा वडिलांना बरोबर न्या. हेल्मेट घालताना चष्मा आधी काढा.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत असताना बाबलचा फोन आला. पप्पा गॅलरीत होते. मी दाराआड थांबले, खोटं कशाला बोलू. आधी गावच्या पावसापाण्याची चौकशी झाली, मग कोणाच्या तरी लग्नाची. मग बाबलने विचारलं असावं.

"नाय रे, गाडी विकूची नाय," पप्पा म्हणाले. "आता आमचा चेडू चलवता."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी, वय वर्षं छत्तीस. चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेले, आणि गॅस न पेटवताच पातेल्यासमोर हसत उभी राहिले.