बाबांच्या खोलीतली बेल

माझ्या वडिलांना दुपारी बाथरूमला जायचं असेल तर आधी कोणाला तरी बोलवावं लागतं. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली आहे. सकाळी एक माणूस येऊन अंघोळ, दाढी, कपडे सगळं करून जातो. नंतरचा दिवस माझ्याकडे असतो, कारण मी घरूनच काम करतो. आमचं घर गावातल्या शनवारा भागात, बाबांची खोली खाली मागच्या बाजूला आणि माझी कामाची खोली बरोबर तिच्या वर.

आधी ते काठीने लोखंडी कपाटावर ठोकायचे. आवाज सगळ्या घरात जायचा. अडचण अशी की तो आवाज सगळ्यात आधी स्वयंपाकघरात जायचा आणि माझी बायको दाराशी येऊन उभी राहायची. ती इच्छापूरची, म्हणजे जवळच्या खेड्यातली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बाबांसमोर डोक्यावर पदर असतो, आणि चालतेफिरते होते तेव्हा बाबाही स्वयंपाकघराकडे जाताना आधी खाकरायचे. ही मर्यादा दोघांनी मिळून सांभाळलेली. मी या मर्यादेची चेष्टा करतो, पण ती मोडायची माझी हिंमत नाही. सुनेला दाराशी पाहिलं की बाबा म्हणायचे, काही नाही, काठी पडली. ती समजायची आणि वर येऊन मला सांगायची. तेवढ्या वेळात बाबा कसे धरून बसत असतील, याचा विचार मी केला नव्हता.

एकदा त्यांनीच विषय काढला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू येवढ्या मशिनी बनवतो, फक्त तुलेच ऐकू येईल असं काही होत नाही का?"

होत नाही कसं? हेच तर माझं काम. लहान यंत्रांमध्ये जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मी यंत्राच्या गरजेप्रमाणे बांधून देतो. बांधताना कर्नल शेकडो प्रश्न विचारतो: हे हवं का, ते हवं का. साधा माणूस तयार कर्नल घेतो आणि सुखी राहतो. मी प्रत्येक प्रश्नाला स्वतः उत्तर देतो आणि त्याचा मला अभिमान आहे. होता म्हणू या.

बाजारात साधी बिनतारी बेल मिळते. बायकोने ती सुचवलीही. मी हसलो. जुना लॅपटॉप पडलेला होता, त्याला एक छोटा सर्किट बोर्ड जोडला, बोर्डाला वायर, वायर खिडकीतून खाली आणि टोकाला मोठं लाल बटण, बाबांच्या डाव्या अंगठ्याखाली बसेल असं. बटण दाबलं की माझ्या टेबलावर असा कर्कश आवाज व्हायचा की कानात हेडफोन असले तरी ऐकू यावा.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे दुपारी लाईट जाते, इन्व्हर्टर म्हातारा झालाय आणि लॅपटॉपची बॅटरी त्याच्याहून म्हातारी. दिवसभर तो जागा ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून मी वीज वाचवण्याच्या पर्यायांत शिरलो. झोपेचे दोन मुख्य प्रकार असतात. एकात सगळं डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद होतं, पण उठायला वेळ लावतं. तो मी काढून टाकला, कारण म्हाताऱ्या माणसाला थांबवणं बरं नाही, असं मी तेव्हा मोठ्या समजूतदारपणे स्वतःशी म्हणालो. दुसऱ्यात मेमरी तेवढी जिवंत राहते आणि इशारा मिळताच मशीन उठतं. तो ठेवला. शिवाय कोणी काही करत नसेल तर आपोआप झोप, हाही पर्याय चालू केला. मग बोर्डाला झोपलेल्या मशीनला उठवायची परवानगी दिली. बटण दाबून पाहिलं. मशीन उठलं, आवाज झाला. बायकोला बोलावून पुन्हा दाखवलं. बाबांना म्हणालो, आता काठीची गरज नाही, आणि ती दाराच्या मागे नेऊन ठेवली.

काही आठवडे सगळं छान चाललं. बेल वाजायची, मी जायचो, बाबांची लाज घरातल्या घरात झाकलेली राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे मशीन दाखवायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांसाठी फार वापरली आहे.

त्या दुपारी लाईट गेली होती आणि माझी मीटिंग होती. हेडफोनची चार्जिंग संपत आलेली. ऑफिसच्या लॅपटॉपला बाहेरचं काही लावायला बंदी, म्हणून मी बेलच्या लॅपटॉपचा हाताशी असलेला यूएसबी पोर्ट रिकामा केला, त्यात हेडफोन चार्जिंगला लावले आणि बेलचा बोर्ड पलीकडच्या बाजूच्या पोर्टमध्ये खोचला. मीटिंग सुरू झाल्यावर हेडफोन काढून कानाला लावले. बोर्ड तिकडेच राहिला. बेलचा लॅपटॉप काही वेळाने झोपला, जसं मी त्याला शिकवलं होतं.

मीटिंग लांबली. संपल्यावर खाली गेलो तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते आणि खोलीत वास होता. लाल बटण त्यांच्या मुठीत होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "सूनबाईले इकडे येऊ देऊ नको."

ती दहा पावलांवर स्वयंपाकघरात होती. एक हाक मारली असती तर आली असती. त्यांनी मारली नाही. ते बटण दाबत राहिले.

मी त्यांना धुतलं, पुसलं, धोतर बदललं. चादर घेऊन मागच्या अंगणात गेलो तेव्हा बायको तिथे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिने एकदा चादरीकडे पाहिलं आणि अर्धे कपडे दोरीवर तसेच सोडून आत निघून गेली. तिने तोंडातून शब्द काढला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मला मात्र तोंड आवरलं नाही.

मी वर जाऊन कर्नलची नोंद तपासली. मशीन कधी झोपलं, कधी उठलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. झोपल्यापासून माझा हात कीबोर्डला लागेपर्यंत एकदाही बटण दाबल्याची खूण नव्हती. मग खाली येऊन मी स्वतः बटण दाबलं. वर आवाज झाला, कारण मशीन आता जागं होतं. पण मला वाटलं, सिद्ध झालं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मी पलंगाजवळ उभा राहून, ऑफिसात एखाद्या नव्या मुलाला समजावतो त्या स्वरात बोललो.

"बाबा, बेल नीट आहे. तुमच्याकडून दाबलीच गेली नाही. मशीनमध्ये नोंद नाही."

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. ज्या माणसाने खकनारच्या सरकारी कचेरीत सगळी नोकरी केली आणि आपल्या हातून चूक झाल्याचं कधी कोणाला म्हणू दिलं नाही, तो माझ्यापुढे म्हणाला, "मग नसेल दाबली. आता हातातलं मले समजत नाही."

मी त्यांना जोर देऊन दाबा असं शिकवलं. माझ्यासमोर त्यांच्याकडून दोन-तीनदा दाबून घेतलं. ते शाळेतल्या पोरासारखे दाबत होते आणि मी "आता बरोबर" म्हणत होतो. हे लिहिताना कान तापतात.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावायला गेलो आणि हाताशी असलेला पोर्ट रिकामा दिसला. बोर्ड पलीकडे. मला आधी काहीच वाटलं नाही आणि मग मी परवानगीची फाईल उघडून पाहिली. मशीन उठवायची परवानगी मी बोर्डाला दिलीच नव्हती. ती मी त्या एका पोर्टच्या नावाने लिहून ठेवली होती. दुसऱ्या पोर्टमधून बाबांनी दिवसभर बटण दाबलं असतं तरी झोपलेल्या मशीनला पत्ता लागला नसता. आणि झोपलेलं मशीन ज्याची नोंद घेत नाही, ते घडलंच नाही असं मी माझ्या बापाला सांगून बसलो होतो.

मी ते दुरुस्त केलं. आपोआप झोपेचा पर्यायच काढून टाकला, कर्नल पुन्हा बांधला, लॅपटॉपला नवी बॅटरी घातली. हे सगळं करायला मला उत्साह होता. खाली जाऊन बाबांना सांगायला मात्र पाय उचलत नव्हते. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं. बेल तर आता चालते ना, मग जुनं कशाला उकरायचं, असंही मनाला समजावून पाहिलं.

शेवटी बायकोनेच मला धरलं. बाबांच्या खोलीतला तांब्या सकाळी भरून ठेवते तो संध्याकाळी तसाच भरलेला असतो, म्हणाली. दुपारचा चहाही ते नको म्हणतात. ओठ सुकलेत. तिला वाटलं होतं तब्येत बिघडली. मला बाबांना विचारायचीही गरज नव्हती. दुपारी लागूच नये म्हणून ते पाणी पीत नव्हते.

मी तसाच खाली गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. पोर्ट, हेडफोन, सगळं. तुम्ही बेल दाबली होती बाबा, मशीन झोपलं होतं, चूक माझी. त्यांना पोर्ट वगैरे काय कळणार, पण बेल दाबल्याचं वाक्य त्यांनी बरोबर पकडलं.

"दाबली होती ना मी?" त्यांनी विचारलं.

"दाबली होती."

"मले माहीत होतं," ते म्हणाले. त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "असू दे. तुले पण काम असते."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी तिथेच बसून रडलो आणि त्यांनी मला रडू दिलं.

आता रोज दुपारी जेवण झालं की बेल वाजते. मी जे असेल ते सोडून खाली धावतो. बाबा उशीला टेकून बसलेले असतात, शेजारच्या स्टुलावर पाण्याने भरलेला पेला.

"काही नाही," ते म्हणतात. "चालू आहे का, ते पाहिलं."

मग ते पेला उचलतात आणि पाणी पितात.