मोलावाची बंदूक

नोंग तेर्योला आधी चार शिव्या घालते, मग बाकीचं सांगते. वयाने मोठा असेल त्याला आम्ही नोंग म्हणतो, बाई असेल तर नांग. एवढा हट्टी, नाकावर राग ठेवून हिंडणारा सुतार मनिलापासून दूर आमच्या या सगळ्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. माझी खानावळ आणि त्याची सुतारशाळा यांच्यामध्ये बांबूची एक ताटी आहे. सकाळी त्याचा रंधा सुरू झाला की भुसा थेट माझ्या भातात. "नोंग, गिऱ्हाइकांनी काय लाकूड खायचं का?" मी ओरडायची. पलीकडून उत्तर यायचं, "खाऊ दे गं पुरिंग, तुझ्या भातापेक्षा पचायला हलकं आहे!" होड्या करायचा, दारं करायचा, गावातल्या निम्म्या शवपेट्या त्याच्याच हातच्या. पण नाव झालं ते बंदुकांमुळे.

खऱ्या नव्हे हो, लाकडी. तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक पोराला दोन वर्षं लष्करी कवायत सक्तीची होती. दर रविवारी, उन्हात. ती केल्याशिवाय पदवी हातात पडत नसे. एवढ्या पोरांना खऱ्या बंदुका कोण देणार, म्हणून लाकडी. बाकीचे सुतार नारळाच्या लाकडाच्या करून मोकळे व्हायचे, दोन महिन्यांत त्या चिरायच्या. नोंग तेर्यो मोलावाच्या करायचा. मोलाव म्हणजे घराच्या खांबाचं लाकूड, खिळा वाकतो पण ते हटत नाही. आतून लोखंडी सळई घालायचा, म्हणजे वजन खऱ्या बंदुकीइतकं. फक्त दस्त्याचे कोपरे घासून गोल करायचा, पोरांचे खांदे सोलू नयेत म्हणून. "माझी बंदूक मोडली तर नाव बदलीन," म्हणायचा. एकही मोडली नाही. मोडली असती तर किती बरं झालं असतं.

बायको लवकर गेली होती. एकुलता एक मुलगा, जेरिक. अठरा वर्षांचा, काटकुळा, लहानपणी होडीवरून पडून डावा खांदा निखळलेला. माझा वेंडेल त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. दोघं एकाच कॉलेजात. वेंडेल कवायतीतला अधिकारी होता. पांढरे हातमोजे, कमरेला तलवार. मी त्याचा गणवेश नीळ घालून धुवायची, कडक इस्त्री करायची आणि मुद्दाम रस्त्याच्या बाजूला वाळत घालायची. दिसू दे की सगळ्यांना!

आता एकदाच सांगून टाकते, म्हणजे माझ्याही छातीवरचं ओझं उतरेल. जेरिकला मारलं ते माझ्या वेंडेलने. मला हे त्याच संध्याकाळी कळलं. आणि नोंग तेर्योला मी बावीस वर्षं सांगितलं नाही. रोज त्याला वाढत होते, रोज त्याच्याशी भांडत होते, आणि हे कधीतरी त्याला कळेल म्हणून रोज मरत होते.

झालं असं. एका शनिवारी जेरिक घरी आला आणि बापाला म्हणाला, "ताताय, उद्या मी कवायतीला जाणार नाही. माझा खांदा उठत नाही. हात खाली आला की ते पोटात मारतात."

ताटीपलीकडून थपडेचा आवाज आला. मग दुसरी थप्पड. "बापाने केलेली बंदूक बापाच्याच पोराला उचलवत नाही? सगळं गाव हसेल मला!"

"अहो नोंग, मारताय काय पोराला!" मी ओरडले.

"तू तुझा भात बघ!"

पोरगं रडलं नाही. दुपारभर सुतारशाळेत खुडबुड करत बसलं. नंतर कळलं की तो काय करत होता. पांगाऱ्याचं लाकूड असतं ना, बुचासारखं हलकं, त्याची त्याने बंदूक केली. बापाच्याच नमुन्याची. तोच रंग, तेच गोल कोपरे. शेजारी शेजारी ठेवली असती तर बापालाही ओळखू आली नसती. त्याच्या हाताने झालेली ती पहिली चांगली वस्तू.

रविवारी संध्याकाळी वेंडेल घरी आला तो सरळ मोरीत जाऊन बसला. मी गणवेश घ्यायला गेले तर हातमोज्यांवर रक्त. म्हटलं, "कुणाचं हे?"

"नानाय, मी एवढं जोरात नव्हतं मारायचं."

मग सगळं बोलला. पाहणी चालू होती. जेरिकच्या हातातून बंदूक घेतली तर ती हवेत उडाली, इतकी हलकी. वरचे अधिकारी बघत होते, हसत होते. म्हणाले, तुझ्या गावचा ना हा? तुझ्या तुकडीत हे चालतं? वेंडेलने शेजारच्या पोराची मोलावाची बंदूक घेतली, जेरिकला ओणवं केलं, आणि म्हणाला, "वजन कळू दे तुला." एक, दोन, तीन. पोरगं कण्हत होतं, "नोंग वेंडेल, बास." ते "नोंग" ऐकून वरचे आणखी हसले. म्हणून आणखी चार. शेवटचा मार बरगडीखाली बसला आणि जेरिक तोंडावर पडला. ऐंशी पोरं रांगेत उभी होती. नजर समोर ठेवायचा हुकूम होता, त्यांनी समोर ठेवली.

मी माझ्या पोराच्या तोंडात मारली. दोनदा मारली. आणि मग खाली बसून ते हातमोजे धुतले. हे असं आहे. हातमोजे मी धुतले.

जेरिकचं शव आलं ते डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. उन्हामुळे हृदय बंद पडलं म्हणे. सोबत त्याचं सामान, त्यात ती हलकी बंदूक. पण आमच्याकडे शव घरचे लोक धुतात. नोंग तेर्योने पोराला पालथं केलं आणि तसाच थांबला. पाठ काळीनिळी, आणि प्रत्येक वळाचं टोक गोल. तो कोपरा त्याने स्वतः घासला होता. त्या खोलीत मी होते, पाणी ओतत होते. तो उठला. बाहेर गेला, कुऱ्हाड घेतली आणि ताज्या केलेल्या चाळीस बंदुकांवर तुटून पडला. मोलावच तो, कुऱ्हाड उसळून त्याच्याच नडगीत शिरली. रक्ताने भरलेल्या पायाने तो तसाच घाव घालत राहिला. चौघांनी मिळून धरला.

मग त्याने शवपेटीच्या काचेवर कोंबडीचं पिल्लू ठेवलं. खून झालेल्या माणसाच्याच पेटीवर ठेवतात ते. दाणे टिपताना खुन्याच्या मनाला टोच बसावी म्हणून. चिठ्ठी काहीही म्हणो, त्याने गावाला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं मानवंदना द्यायला आली. पेटीच्या डोक्याशी पांढरे हातमोजे घालून उभा होता वेंडेल. पिल्लू टोचत होतं, शवापाशी जागणारे लोक रिवाजाप्रमाणे पत्ते खेळत होते, कॉफी पीत होते. नोंग तेर्योने वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "लेकरा, तू अधिकारी होतास. कुणी केलं ते शोधून दे." माझ्या हातातली किटली तिथेच पडली.

त्याने एकेका पोराचं दार ठोठावलं. ऐंशीच्या ऐंशी. सगळ्यांनी सांगितलं, काका, नजर समोर होती. पुढे मनिलात मोर्चे निघाले, बातम्या झाल्या, कायदा बदलला, कवायत ऐच्छिक झाली. आमच्या जेरिकचं नाव त्यात कुठेच नव्हतं. नोंग तेर्यो परत होड्या करू लागला. वेंडेलचं लग्न झालं, वजन वाढलं, गावच्या कौन्सिलवर निवडून आला. मला वाटलं, माती पडली एकदाची यावर. कसली पडते!

मागच्या वर्षी परत सुरू झालं. कवायत पुन्हा सक्तीची करा, या वेळी मुलींनाही. टीव्हीवर तेच, बाजारात तेच. आमच्या कौन्सिलला पाठिंब्याचा ठराव करायचा होता, आणि पुढाकार कुणाचा? माझ्या दिवट्याचा. स्वतः सुतारशाळेत गेला. "नोंग, कायदा झाला की बंदुका लागतील. तुमच्यासारखं काम कोण करणार?"

मी ताटीला चिकटून उभी. वाटलं, आता उडवतो हा त्याला. पण नोंग तेर्यो शांतपणे म्हणाला, "एक करतो. सभेत आणतो."

वेंडेल गेल्यावर मी पलीकडे गेले. "नोंग, वेड लागलंय का? तुम्ही करणार बंदूक?"

"गावाला हातात घेऊन बघू दे, पुरिंग. ही पाठीत बसली तर काय होतं, ते कळू दे. मग करू देत खुशाल हात वर."

सभा रविवारी सकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर भरली. छपराखाली चारशे माणूस. वेंडेल माईकसमोर उभा राहिला. "समुद्रात परकी जहाजं आपल्या कोळ्यांवर पाण्याचे फवारे मारतात, आणि आपली पोरं मोबाइलसमोर नाचतात! दोन वर्षं रविवारचं उन्हात उभं राहून कुणी मरतं का?"

साल्दो कोळी मागून ओरडला, "अरे, फवारा माझ्या होडीवर आला होता. लाकडी बंदुकीने काय करायचं, वल्हं मारायचं का?" सगळे हसले. पण एका शिक्षिकेने शिस्तीचं काढलं, एका म्हाताऱ्या सैनिकाने देशाचं, आणि माना डोलायला लागल्या. खरं सांगू, क्षणभर माझीही डोलली. आमच्या गल्लीतली पोरं बघितली की कुणालाही वाटेल.

मग नोंग तेर्यो पुढे गेला. पंच्याहत्तर वर्षांचा, लंगडत, हातात बंदूक. वेंडेलने ती घेतली, झेलून बघितली आणि माईकवरच हसला. "वा! हे खरं वजन. हात विसरत नाही हो. आमच्या वेळी एकाने पांगाऱ्याची हलकी बंदूक खपवायला बघितली होती. रंग तोच, कोपरे तेच. पण मी हातात घेताच पकडली!"

दारूच्या बैठकीत हा किस्सा तो शेवट गाळून सांगायचा, हे मला नंतर कळलं. सांगून सांगून त्याची जीभ सैल झाली होती. ती हलकी बंदूक जेरिकच्या सामानात आली होती; ती हातात घेऊन पकडली कुणी, म्हणजे मारलं कुणी, एवढंच बापाला बावीस वर्षं कळलं नव्हतं.

नोंग तेर्योने विचारलं, "कोणी खपवली होती, वेंडेल?"

माईक चालू होता. वेंडेलचा चेहरा पांढराफटक पडला. "नोंग, ते... खूप जुनं..."

म्हाताऱ्याने बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली आणि फिरवली. पहिला घाव खांद्यावर. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि तो माईकमधून सगळ्या मैदानावर गेला. दुसरा बरगड्यांत. वेंडेल गुडघ्यांवर आला. तिसरा जबड्यावर, दात उडून पहिल्या रांगेत पडले, माझ्या पायाशी. कुणी हललं नाही. मी धावले. त्याच्या मनगटाला चावले, तोंडात रक्त आलं, तरी सोडीना मेला. चौथ्यासाठी त्याने बंदूक डोक्यावर उचलली तेव्हा मी पोरावर आडवी पडले.

"उठ, पुरिंग."

"मला मारा."

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. "तुला ठाऊक होतं," म्हणाला.

"हो."

बंदूक त्याने जमिनीवर ठेवली, हळू, दस्त्याला ओरखडा जाऊ नये अशी, आणि पोलीस येईपर्यंत तिथेच बसून राहिला.

वेंडेल जगला. जबड्यात तारा आहेत, पेज नळीने घेतो. ठराव दोन दिवसांनी हात वर करून मंजूर झाला. मैदान तोवर धुवून काढलं होतं.

सभा झाली त्या दुपारी पोलीस ठाण्यात सार्जंट वही उघडून बसली होती. नोंग तेर्यो बाकावर, हातात बेड्या. तो तोंड उघडत नव्हता, आणि चारशे माणसांनी काही पाहिलंच नव्हतं. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी पोराला पाणी पाजत होतं. सगळ्यांना त्याचा कळवळा, किंवा वेंडेल आवडत नाही, किंवा सवय. काय असेल ते.

"नांग पुरिंग," सार्जंट म्हणाली, "तुम्ही आई आहात. पहिल्या रांगेत होतात. तुम्ही तरी सांगा. कोणी मारलं?"

एवढं नाव सांगितलं असतं तर म्हातारा तुरुंगातच मेला असता, आणि माझं पोरगं बिचारं ठरलं असतं. पोराच्या रक्ताने माझा झगा अजून ओला होता.  म्हाताऱ्याचा गळा घोटावासा वाटत होता, हेही खोटं नाही.

म्हटलं, "सांगते. पण पहिल्यापासून लिही. ऑगस्ट महिना, दोन हजार एक, रविवार."

"नांग, मी आजचं विचारतेय. त्याला बावीस वर्षं झाली."

"झाली असतील. आजचं त्याच्याखाली लिही. मेलेल्याचं नाव जेरिक, वय अठरा. सात वेळा मारलं. मारणाऱ्याचं नाव वेंडेल, माझा मुलगा. रक्ताचे हातमोजे त्याच्या आईने धुतले. तिचंही पूर्ण नाव लिही, पुरिफिकासियोन. मग मला पुढचं विचार."