तात्यांनी लावलेली गाडी

आज सकाळी आमच्या रस्त्यावर फुटपाथच्या कडेला पिवळेकाळे पट्टे मारायचं काम चालू होतं. कुणीतरी बडं माणूस येणार असणार, त्याशिवाय नांदेडात हा सोहळा होत नाही. ऑइलपेंटचा उग्र वास खिडकीतून आत आला आणि मी हातातला चहा विसरून एकटीच हसत बसले. हा वास माझ्या मनात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गाडीला कायमचा चिकटलाय. शहरात कुठेही पट्टे ताजे झाले की त्यातला थोडा पिवळा आमच्या डाव्या चाकांवर यायचाच. अण्णा कुठून आले हे त्यांनी सांगायची गरज नसे, आई चाक बघून ओळखायची.

अण्णांनी गाडी घेतली ती रिटायर झाल्यावर. तोवर सगळा जन्म स्कूटरवर, आणि स्कूटरचं काय, भिंतीला टेकवली की झालं. शाळेत भूमिती शिकवायचे. समांतर रेषा एकमेकींना कधी भेटत नाहीत, हे त्यांनी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल देव जाणे, पण स्वतःची गाडी मात्र फुटपाथला भेटल्याशिवाय थांबायची नाही. खरं सांगू, हात वाईट नव्हता. एकटे असले तर नीट लावायचे, पण नांदेडात एकटं कोण असतं? गाडी मागे येताना दिसली की आमच्याकडे कुणाला स्वस्थ बसवत नाही. पानवाला उठतो, रिक्षावाला उतरतो, रस्त्याने चाललेला अनोळखी गृहस्थ भाजीची पिशवी खाली ठेवून हात हलवायला लागतो, येऊ द्या, येऊ द्या. ज्याने जन्मात सायकलीपलीकडे काही चालवलं नाही त्याचा हात सगळ्यात जोरात हलतो. आणि अण्णांचा स्वभाव असा, की माणूस आपल्यासाठी एवढी तसदी घेतोय तर त्याचं न ऐकणं म्हणजे बेअदबी. आरशात कड स्वच्छ दिसत असायची, तरी ते माणसाचं ऐकायचे. मग खालून कर्रर्र आवाज यायचा आणि अण्णा काच खाली करून त्या माणसाचे मनापासून आभार मानायचे.

नवी चाकं बसवली आणि आठवड्याच्या आत त्यांनाही ओरखडा आला, तेव्हा आईचा पारा चढला. आम्ही ताईकडे लातूरला निघणार होतो. आईने बजावलं, या खेपेला घासली तर किल्ली पोरीकडं, तुम्ही मागं बसून देवाचं नाव घ्या. अण्णा म्हणाले, कबूल. पोरगी म्हणजे मी, नुकतं लायसन काढलेलं, त्यामुळे मला आतून गुदगुल्याच होत होत्या. पण अण्णांचा चेहरा बघून हसू मावळलं. शाळा सुटल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाला देगलूरला सोडायचंय, एवढ्यासाठीच काय ती माणसं दारात यायची. किल्ली गेली की उरली अंगणातली खुर्ची.

लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता अण्णा असे जपून आले की मागून ट्रॅक्टरवाले शिव्या देत होते. ताईच्या दारात पोचलो तर फाटकाशी तिचे सासरे काठी घेऊन हजर. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. तात्यांची नजर पार गेली होती. शेत मुलांनी हातात घेतलं, दुकानही घेतलं, पेपरसुद्धा नातू वाचून दाखवायचा. पण आल्या पाहुण्याची गाडी लावून द्यायचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. नुसत्या आवाजावर ते काठी हलवायचे.

"येऊ द्या गुरुजी, येऊ द्या. लई जागा हाय."

जागा वीतभरही नव्हती. मी हळूच म्हटलं, अण्णा, कड आहे. त्यांनी आरशात कड पाहिली, मग मागे बसलेल्या आईला पाहिलं, मग काठी हलवणाऱ्या तात्यांना.

"दिसून राहिली मला," ते पुटपुटले. "पर तात्या येऊ द्या म्हणून राहिले ना."

आणि त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. असा आवाज आला की ताई स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली. तात्यांनी विचारलं, बसली का बराबर? अण्णा उतरले, त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, एकदम बराबर, तुमच्यासारखी कुणी लावून देत न्हाई. तात्या जेवण होईस्तोवर खुशीत होते. येईल त्याला सांगत होते, गुरुजींची गाडी म्या लावली.

परतताना अहमदपूरला चहाला थांबलो. अण्णांनी किल्ली काढून टेबलावर आईपुढे ठेवली. आईने किल्लीकडे पाहिलं, बशीतला चहा संपवला आणि किल्ली परत त्यांच्याकडे सरकवली.

"ती काय तुमी घासली? ती तर तात्यांनी लावली. चला, उशीर होऊन राहिला."

तेव्हापासून लातूरचं घासणं आमच्या घरी धरत नाहीत. इतर कुठे घासलं की आई तोंडसुख घ्यायची, लातूरचं चाक मात्र बघायचीच नाही. मला किल्ली मिळाली नाही ती नाहीच. मी आपली स्कूटी घेतली.

मागच्या महिन्यात तात्या गेले. तेराव्याला आम्ही लातूरला गेलो, तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं. सगळी माणसं आत होती. अण्णा गाडी हळूहळू मागे घेत गेले आणि थांबले. काहीच आवाज झाला नाही. मी उतरून पाहिलं, चाक आणि कड यांच्यात नेमकं हवं तेवढं अंतर होतं. इतक्या वर्षांत त्या दारात गाडी अशी कधी लागली नव्हती. एक माणूस उभा नसला की किती जागा रिकामी होते, ते मला तिथे उभं राहून दिसत होतं.

"लई सोपी हाय की ही जागा," अण्णा म्हणाले, आणि गाडी बंद करून आतच बसून राहिले.