दसऱ्याचा शर्ट

दुसऱ्याचा ट्रक चालवायचो तेव्हा दर दसऱ्याला शेठ मला नवा शर्ट द्यायचा. मग मी कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला. दिवेआगरहून नारळ भरून वाशीच्या बाजारात टाकायचे आणि बहुतेक वेळा रिकामंच परत यायचं. भाड्यातून डिझेल, टायर, बँकेचा हप्ता सगळं कसंबसं भागतं. द्यायचा राहतो तो फक्त ड्रायव्हरचा पगार, आणि ड्रायव्हर मीच.

यंदा दसऱ्याला ट्रक धुतला, झेंडूचा हार घातला. बायको म्हणाली, "शेठ, डायवरला शर्ट न्हाय?"

मी चिडलो. "परवडत नसेल तर सोडून जा म्हणावं त्याला."

ती हसली नाही. जुना शेठही मला हेच म्हणायचा. तेव्हा सोडून जाता येत होतं.